चाळीतल्या खोलीत, शाळेतल्या एकटेपणावरचा अल्बम करायचाय. सध्या घरी डेमो करतो, पुढे स्टुडिओत नीट करू. कोणता माइक घेऊ?

माइकचं शेवटी सांगतो. ‘सध्या घरी डेमो करतो, पुढे स्टुडिओत नीट करू’ असं तू प्रश्नात लिहिलंयस, ते आधी डोक्यातून काढ. असली गाणी काचेपलीकडे बसलेल्या माणसासमोर गायला लागलं की आवाज आपोआप मोठा होतो, आणि गाणं गेलंच. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर डेमो म्हणूनच केला होता. बँड घेऊन तीच गाणी पुन्हा वाजवून पाहिली, जमेनात. १९८२ मध्ये शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून आली.

भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवू नकोस, बाहेरचा आवाज त्याने अडत नाही. गोधडी माइकमागे टांगतात तेही उलटंच. माइकचं तोंड तुझ्याकडे असतं, त्याला तुझ्या पाठीमागची भिंत ऐकू येते. गोधडी तिथे हवी. माइकची पाठ खिडकीकडे. शेवटची लोकल गेली की पहाटेच्या पहिलीपर्यंतचा वेळ तुझा. पंखा बंद, फ्रिज बंद (घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे चालू करायचा राहणार नाही; दूध नासलं तर अल्बम तिथेच संपला). लॅपटॉप बॅटरीवर चालव, दोन पिनच्या चार्जरने बऱ्याचदा घरघर येते.

तोंड माइकपासून चार बोटं, जरा तिरकं, नाहीतर प-फ-भचे फटके बसतात. इतक्या जवळून आवाजातला खर्ज फुगतो, तो सॉफ्टवेअरमध्ये ८०-१०० हर्ट्झखाली काप. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेव, मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास पुरे. दर टेकआधी, म्हणजे दर वेळी गायला लागण्याआधी, अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड कर. पत्र्यावर पाऊस वाजताना गायलेली ओळ कोरड्या टेकमध्ये जोडलीस तर सांधा ऐकू येतोच. मग त्या अर्ध्या मिनिटातला नुसता पाऊस आजूबाजूच्या ओळींखालीही पसरावा लागतो.

आणि नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने मागची खरखर पुसणं, नको म्हणजे नको. ‘प्रोफेशनल वाटलं पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी असे किती आवाज पाण्यात बुडवलेत! श्वास राहू देत, फार टोचले तर ६ डेसिबलने खाली आण. तेच दोनदा गाऊन डावी-उजवीकडे टाकायची युक्ती ध्रुवपदापुरती वापर. कडव्यात दोन आवाज झाले की कुणीतरी सोबतीला आलंच.

माइक साधा डायनॅमिक (स्टेजवर हातात धरतात तसला), शुअरचा एसएम ५८ किंवा त्या जातीचा. कंडेन्सर माइक जास्त तिखट कानाचा, तो शेजारच्यांचं घोरणंही टिपेल. मात्र अगदी कुजबुजत गाणार असशील तर डायनॅमिकचा आवाज ५५-६० डेसिबल वाढवावा (गेन) लागतो, आणि स्वस्त इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) तिथवर पिळला की सूंऽऽ करायला लागतो. इंटरफेस घेताना दुकानातच हेडफोन लावून तपास.