वाचकांचे प्रश्न : खुर्चीवरचा माणूस आजारी पडला तर कारभार कुणाचा?

प्रश्न : गंभीर आजार असलेल्यांना निवडणूक लढवायला कायद्याने बंदी का नाही? (एक वाचक, सातारा)

बंदी नाही आणि ती असूही नये, असं आमचं ठाम मत आहे. संविधानाच्या कलम १०२ आणि १९१ मध्ये खासदार-आमदारांच्या अपात्रतेची कारणं दिली आहेत. त्यात प्रकृतीशी संबंधित कारण एकच आहे : सक्षम न्यायालयाने मनाने विकल ठरवलेलं असणं. कर्करोग, डायलिसिस, पक्षाघात त्यात बसत नाहीत. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण विचारतात. प्रकृतीचा रकानाच नाही. रुग्णालयात खाटेवर असलेल्या उमेदवाराला तिथल्या वैद्यकीय अधीक्षकासमोर शपथ घेण्याचीही सोय आहे.

बंदी घातली तर प्रमाणपत्र कोण देणार? जिल्हा शल्यचिकित्सक सरकारी नोकर. विरोधी उमेदवाराला ‘अयोग्य’ ठरवण्याचं हत्यार आपणच सत्ताधाऱ्यांच्या हाती दिल्यासारखं होईल. शिवाय आजाराचं नाव ऐकून पुढचं भाकीत करता येत नाही. शरद पवारांना २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि त्यानंतर ते सलग दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री होते. तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयातून आंडिपट्टीची जागा जिंकले, फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि डिसेंबर १९८७ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. मतदारांना आजार माहीत होता, तरी त्यांनी मत दिलं. तो त्यांचा अधिकार आहे.

प्रश्न : पर्रीकर आजारी होते तेव्हा वर्षभर गोवा थांबल्यासारखा झाला होता. मुख्यमंत्र्यांचा कारभार दुसऱ्याकडे देता येत नाही का? (एक वाचक, मडगाव)

देता येतो. गोव्यात तो पुरता दिला गेला नाही, आणि त्यामागचं कारण वैद्यकीय नसून राजकीय होतं. कलम १६४ प्रमाणे इतर मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमले जातात, त्यामुळे मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला की सगळं मंत्रिमंडळ जातं. २०१७ मध्ये ४० पैकी भाजपचे १३ आमदार निवडून आले होते. गोवा फॉरवर्ड आणि मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाने पाठिंबा दिला तो पर्रीकर मुख्यमंत्री होणार म्हणून. म्हणजे माणूस बदलायचा तर युतीची सगळी बोलणी पहिल्यापासून करायची.

पुढे काय झालं ते क्रमाने पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये पर्रीकर मुंबईत रुग्णालयात दाखल झाले, २२ तारखेला परत येऊन त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते अमेरिकेला गेले. मागे तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमली : सुदिन ढवळीकर, फ्रान्सिस डिसोझा, विजय सरदेसाई. समितीला ठरावीक रकमेपर्यंत खर्च मंजूर करता येत होता, पण मुख्यमंत्र्यांकडची खाती तिच्याकडे गेली नाहीत. नेमक्या त्याच महिन्यात, १६ मार्चपासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे राज्यातल्या खाणी बंद पडल्या. ट्रकवाले, बार्जवाले, खाणकामगार यांच्या पोटाचा प्रश्न होता. खर्चाला मंजुरी देणं वेगळं आणि अशा प्रश्नावर धोरण ठरवणं वेगळं. धोरणासाठी सगळे अमेरिकेकडे डोळे लावून बसले.

२४ सप्टेंबरला तर पांडुरंग मडकईकर आणि फ्रान्सिस डिसोझा या दोन मंत्र्यांना आजारपणामुळे वगळण्यात आलं. त्या दिवशी स्वतः मुख्यमंत्री दिल्लीत ‘एम्स’मध्ये होते. मंत्र्याला एक माप आणि मुख्यमंत्र्याला दुसरं, हे पटण्यासारखं नव्हतं. स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी उघडपणे सांगितलं तेव्हा २७ ऑक्टोबर उजाडला होता. आठ महिने गोवेकर कुजबुजीवर विसंबून होते. ३० जानेवारी २०१९ ला नाकात नळी असताना पर्रीकरांनी पुन्हा अर्थसंकल्प मांडला. त्यांच्या जिद्दीबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण राज्याची घडी एका माणसाच्या जिद्दीवर बसवणं हा त्या माणसावरही अन्याय असतो. १७ मार्चला ते गेले, आणि १८ च्या मध्यरात्रीनंतर प्रमोद सावंत यांचा शपथविधी करावा लागला.

प्रश्न : मग नीट पद्धत कोणती? (एक वाचक, पुणे)

लेखी आदेश हवा. कोणती खाती, कुणाकडे, कुठपर्यंत, आणि मंत्रिमंडळाची बैठक कोण घेणार, एवढं त्यात स्पष्ट पाहिजे. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंग यांच्यावर ‘एम्स’मध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा अर्थखातं प्रणव मुखर्जींकडे दिलं, मंत्रिमंडळाच्या बैठकाही त्यांनीच घेतल्या आणि फेब्रुवारीत हंगामी अर्थसंकल्प मांडला. मे २०१८ मध्ये अरुण जेटलींचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं, तेव्हा पीयूष गोयल यांच्याकडे अर्थखातं गेलं आणि ऑगस्टमध्ये ते जेटलींकडे परत आलं. मे २०१९ मध्ये जेटलींनी पंतप्रधानांना पत्र लिहून प्रकृतीमुळे मंत्रिपद नको, असं स्वतःच कळवलं.

माणूस सल्ला देण्याच्या स्थितीत नसेल तर मात्र आपल्याकडे कायद्यात भोक आहे. राष्ट्रपती आजारी पडले तर कलम ६५ प्रमाणे उपराष्ट्रपती काम पाहतात. १९६१ मध्ये राजेंद्रप्रसाद आजारी असताना राधाकृष्णन यांनी ते पाहिलं होतं. पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांसाठी असं कलम नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये जयललिता रुग्णालयात असताना तामिळनाडूचे राज्यपाल विद्यासागर राव (ते तेव्हा आपले, महाराष्ट्राचेही राज्यपाल होते) यांनी कलम १६६(३) खाली त्यांची खाती पन्नीरसेल्वम यांच्याकडे सोपवली. आदेश ‘मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यावरून’ निघाला. हा सल्ला दिला कसा, ही शंका तेव्हाही उठली होती. त्याच काळातल्या पोटनिवडणुकीत पक्षाच्या उमेदवारी पत्रांवर सहीऐवजी जयललितांच्या अंगठ्याचा ठसा होता. तिरुप्परनकुंड्रम मतदारसंघातली निवड मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावरून रद्द ठरवली.

अमेरिकेत १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने दोन्ही वाटा आखून ठेवल्या आहेत. अध्यक्ष स्वतः पत्र देऊन अधिकार सोपवतात, किंवा ते अक्षम असतील तर उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळातलं बहुमत मिळून तसं कळवतात. १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडेन यांना तपासणीसाठी भूल द्यायची होती, तेव्हा कमला हॅरिस यांच्याकडे ८५ मिनिटं अधिकार होते. जेमतेम दीड तासासाठी इतकी काळजी घेता येते, तर आपल्याला वर्षासाठी का घेता येऊ नये?

प्रश्न : नेत्याचा वैद्यकीय अहवाल माहिती अधिकारात मिळतो का? (एक वाचक, नागपूर)

बहुधा नाही. कायद्याच्या कलम ८(१)(ञ) खाली ती खासगी माहिती म्हणून नाकारली जाते. अहवालाच्या मागे लागू नका. त्याऐवजी ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान या खात्याचा कार्यभार कुणाकडे होता, त्या आदेशाची प्रत द्या’ असा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. तुमची अडलेली फाईल कुणाच्या सहीसाठी थांबली, ते त्यातून कळतं.

प्रश्न : इतक्या आजारी आमदारांना रुग्णवाहिकेतून मतदानाला का आणतात? (एक वाचक, चिंचवड)

जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीला मुक्ता टिळक आणि लक्ष्मण जगताप असे मुंबईला आले होते. राज्यसभेच्या सहा जागांना सात उमेदवार होते, एकेका मताला किंमत होती आणि मतदान विधान भवनातच करावं लागतं. त्या डिसेंबरात आणि जानेवारीत दोघंही गेले. अशा मतदारासाठी घरून किंवा रुग्णालयातून मत देण्याची तरतूद झालीच पाहिजे. माणसाचे हाल करून लोकशाहीची शान वाढत नाही.

सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिक्त ठरवू शकतं, पण अधिवेशन संपल्यानंतरचा काळ त्यात मोजत नाहीत. त्यामुळे रजेचा अर्ज केला नाही तरी पद सहसा जात नाही. आणि जागा रिकामी झालीच तर? पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यायची असते. गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. उच्च न्यायालयाने सांगूनही पोटनिवडणूक झाली नाही, पुढे सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि पुण्याला जून २०२४ पर्यंत खासदार नव्हता.

प्रश्न : आमचे सरपंच डायलिसिसवर आहेत. विरोधक ‘राजीनामा द्या’ म्हणतात. काय करावं? (ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा)

राजीनाम्याची सक्ती कुणी करू शकत नाही. डायलिसिस आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चारेक तास. त्यामुळे मासिक सभा आणि ग्रामसभा डायलिसिस नसलेल्या दिवशी ठेवा. रजा लागणारच असेल तर ती आधी मागा आणि पंचायतीच्या सभेत ठराव करून घ्या. गावातून सलग चार महिने किंवा सभांना सलग सहा महिने विनापरवानगी गैरहजेरी झाली तर पद जातं, आणि वाद बहुतेक वेळा तिथेच पेटतो. रजेच्या काळात काम उपसरपंचांकडे द्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) ते लेखी कळवा. कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या करून ठेवण्याची सवय काही गावांत आहे, ती अजिबात नको. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला की उत्तर आजारी सरपंचालाच द्यावं लागतं. प्रकृती खरोखरच साथ देत नसेल तर सरपंचाने राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे द्यायचा असतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे नाही.