आधी गोळ्यांची पट्टी दाखवा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की दक्षिण अमेरिकेतल्या पेरूला उकायाली नदीकाठी जाऊन आयावास्काचा, म्हणजे तिथल्या जंगलातल्या भ्रम दाखवणाऱ्या काढ्याचा, विधी बघून आले, आणि तेव्हापासून पत्रं थांबायचं नाव नाही. आपल्याकडून इतके लोक तिकडे निघालेत याची मला खरंच कल्पना नव्हती. चार पत्रं निवडलीत. मी काही गुरू-बिरू नाही, मेडिकलच्या काउंटरमागे अर्धं आयुष्य गेलेली बाई आहे, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूने येणार हे आधीच सांगते.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, मूळची नाशिकची, सध्या नोकरीसाठी युरोपात. ऑक्टोबरमध्ये पेरूतल्या इकितोस शहराजवळ आयावास्काचं १० दिवसांचं रिट्रीट बुक केलंय. दोन वर्षं एस्सिटालोप्राम (डिप्रेशनची गोळी) १० मिलिग्रॅम चालू आहे. सेंटरने मेलमध्ये पोर्क, चीज, दारू बंद करायला सांगितलंय, ते मी केलंय. गोळी आठवडाभर आधी सोडली तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. आणि चीज सोडलंत ते छान, पण गोळीचा विषय पहिला होता, चीजचा नंतर.

काय होतं ते नीट समजून घ्या म्हणजे कुणी "काही नाही होत गं" म्हटलं तरी तुम्ही हलणार नाही. हा काढाच आहे, अगदी आपल्या अर्थाने काढा, एक जाड वेल ठेचायची, तिच्याबरोबर चाक्रूना नावाच्या झुडपाची पानं घालायची आणि तासन्तास उकळत ठेवायचं. पानांत डीएमटी असतं, भ्रम दाखवणारं रसायन ते हेच. पण नुसती पानं उकळून प्यायलात तर काहीच होणार नाही, कारण आपल्या आतड्यात आणि लिव्हरमध्ये एमएओ नावाचं एन्झाइम असतं ते डीएमटीचा तिथल्या तिथे फडशा पाडतं. वेलीतलं हार्मिन या एन्झाइमला काही तास गप्प बसवतं, मग पानांचं काम सुरू. एवढ्या हजारो झाडांच्या जंगलात ही जोडी कुणी आणि कशी जुळवली देव जाणे! आता गंमत अशी की (गंमत कसली, धोकाच) हेच एन्झाइम आपल्या शरीरातलं सेरोटोनिनही, म्हणजे मूड सांभाळणारं रसायनही, मोडत असतं. तुमची गोळी सेरोटोनिन परत शोषलं जाऊ देत नाही आणि वरून वेलीने ते मोडणंही बंद केलं म्हणजे नळ चालू आणि मोरीला बोळा. त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात, घाम, थरथर, ताप, स्नायू ताठणं, नाडी पळणं, आणि जास्त झालं तर जिवावर बेततं. आणि इकितोसला बाहेरून रस्ताच नाही हो, विमानाने जा नाहीतर बोटीने, सेंटर तर बहुतेक वेळा तिथूनही नदीने आत. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स बोलावणार कुठून.

मग गोळी झटकन सोडायची का? तेही नाही. चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, झोपेचं खोबरं, आणि ज्या त्रासासाठी गोळी चालू झाली तोच परत उभा, तोही घरापासून हजारो मैलांवर. गोळी कमी करायची की नाही, किती आठवड्यांत करायची आणि नंतर किती दिवस थांबायचं हे तुमचे सायकियाट्रिस्ट ठरवणार, आणि ते "इतक्यात नको" म्हणाले तर बुकिंग पुढे ढकला. त्यांना ट्रेकला जातेय वगैरे सांगू नका, आयावास्का हाच शब्द वापरा. प्रत्येक गोळीचं गणित वेगळं असतं, फ्लुऑक्सेटिन ही तुमच्याच गोळीची बहीण तर बंद केल्यावर पाचेक आठवडे शरीरात रेंगाळतं.

आणि पर्समधली बाकीची पाकिटं पण काढा बाहेर. पाठदुखीचं ट्रामाडॉल, डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं कफ सिरप, मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या, एडीएचडीची औषधं, लिथियम, आणि 'हर्बलच तर आहे' म्हणून घेतलेलं सेंट जॉन्स वर्ट, हे सगळं यादीत लिहा. सेंटरने ही यादी मागितलीच नसेल तर माझ्या मते तेवढं एकच कारण कॅन्सल करायला पुरेसं आहे.

प्रश्न : मॅडम, हे जे 'दिएता' म्हणतात ते म्हणजे आपला उपवासच ना? साबुदाण्याची खिचडी चालेल का? (ठाण्याचे एक गृहस्थ, वय ५८, बीपीची गोळी चालू.)

उत्तर : साबुदाणा पचायला जड, तूप आणि दाण्याचं कूट वेगळंच, एकादशी नि दुप्पट खाशी तिथे चालत नाही. पण तुमची तुलना अगदीच चुकीची नाही. तिथल्या शिपिबो या आदिवासी लोकांमध्ये दिएता हे मुळात शिकणाऱ्याचं व्रत. ज्याला वैद्य व्हायचंय तो जंगलात छोट्या खोपटात एकटा राहतो, एकेका झाडाशी नातं जोडायचं म्हणून कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, आणि जेवण म्हणजे उकडलेली केळी नि नदीतला मासा, मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, तिखट नाही, ब्रह्मचर्य. पाहुण्यांना मिळते ती त्याची आखूड आवृत्ती. मी तीन दिवस बिनमिठाचं खाल्लं, चौथ्या दिवशी लिंबाची फोड दिसली तर डोळ्यांत पाणी आलं.

या पथ्याची एक औषधाच्या बाजूची बाजूही आहे. मुरलेल्या, आंबलेल्या, खारवलेल्या पदार्थांत टायरामिन असतं, तेही त्याच एमएओने मोडायचं असतं, आणि ते गप्प असताना टायरामिन वाढलं तर बीपी एकदम चढू शकतं. वेलीचा परिणाम तात्पुरता असल्यामुळे हा धोका एमएओ बंद पाडणाऱ्या डिप्रेशनच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांइतका नसतो, पण बीपीवाल्या माणसाने हिशेब कशाला करत बसायचा. आपल्या घरात बघायचं तर सुकट-बोंबील, मुरलेलं लोणचं, चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस, बियर, जुनं चीज, फ्रिजमध्ये चार दिवस पडलेलं मटण हे बंद. ताजा वरणभात, उकडलेली भाजी खुशाल खा. पण तुम्हाला खाण्यापेक्षा आधी कार्डिओलॉजिस्ट. काढ्याने बीपी आणि नाडी तशीही वाढते, त्यांनी लेखी हो म्हटलं तरच पुढचं बोला.

जाताय तर यलो फिव्हरची लस निदान १० दिवस आधी घ्या, ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. लसीचं कार्ड नसेल तर पेरूहून परत आल्यावर मुंबई एअरपोर्टवरूनच ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनला जावं लागू शकतं, आणि तिथे तुमचं दिएता चालू ठेवायला कुणी येणार नाही.

प्रश्न : ताई, मला उलटीची प्रचंड भीती आहे, लहानपणापासून. शिवाय तिथे म्हणतात इंटेन्शन, म्हणजे विधीतून काय हवंय ते, लिहून आणा. मनाची तयारी म्हणजे नक्की काय करायचं? (कोल्हापूर, वय २९.)

उत्तर : उलटी होणार असं धरूनच चला. तिथे या काढ्याला 'ला पुर्गा' असंही म्हणतात, म्हणजे रेचकच. आपल्या वमनासारखं समजलात तरी हरकत नाही, फक्त इथे स्नेहन-स्वेदन करून घेणारे वैद्यबुवा नसतात. प्रत्यक्षात कसं असतं सांगते. मलोका म्हणजे झावळ्यांनी शाकारलेलं मोठं गोल घर, रात्री दिवे घालवतात, प्रत्येकाला एक गादी, एक प्लॅस्टिकची बादली, टॉयलेट पेपरचा रोल. माझी बादली निळी होती आणि पहिला अर्धा तास मी तिचा काठ बोटांनी चाचपत बसले होते की अंधारात सापडायला पाहिजे. अर्ध्या-एक तासाने अंमल चढायला लागतो आणि चार ते सहा तास टिकतो. वैद्य मापाचो नावाच्या कडक तंबाखूचा धूर सोडतो आणि इकारो म्हणतो, ही त्यांची गाणी. ओकाऱ्यांचे आवाज सगळीकडून येत असतात आणि खरं सांगायचं तर थोड्या वेळाने कुणाला कुणाचं काही वाटत नाही.

इंटेन्शनची एवढी धास्ती घेऊ नका. लोक पानभर यादी नेतात, करिअर, लग्न, आईशी भांडण, मोक्ष. एक ओळ बास. त्यापेक्षा घरी रोज रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवून अर्धा तास अंधारात बसा, मच्छर चावेल, पाय अवघडेल, उठायचं नाही. हीच सगळ्यात उपयोगाची प्रॅक्टिस, मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. परत आल्यावर ज्याच्याशी बोलता येईल असा एक माणूस आत्ताच ठरवून ठेवा आणि पहिले काही आठवडे राजीनामा, घटस्फोट असले निर्णय नकोत.

एकटी मुलगी म्हणून दोन प्रश्न बुकिंगआधी विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. रात्री मलोकात शुद्धीवर असलेली बाई मदतनीस असते का? विधीच्या नावाखाली वैद्याने एकटीला बोलावणं, अंगाला हात लावणं असले प्रकार उघडकीला आलेले आहेत. दुसरं, काढ्यात तोए घालतात का? तोए म्हणजे आपल्या धोतऱ्याची थोरली बहीण, फुलं खाली लोंबणारी. धोतऱ्याने काय होतं हे आपल्याकडे गावात कुणालाही विचारा.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा, इंजिनिअर. मित्रांबरोबर पेरूतल्या पुकाल्पाला आयावास्कासाठी चाललाय, पैसे भरून झालेत. माझ्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. सेंटरच्या फॉर्मवर घरात कुणाला मानसिक आजार आहे का असं विचारलंय. मुलगा म्हणतो, मला काही नाहीये, मामाचं कशाला लिहायचं, उगाच नाही म्हणतील. मी काय करू? (एक आई, सोलापूर.)

उत्तर : ताई, नाही म्हणतील, आणि त्यांनी नाहीच म्हणायला हवं. तो प्रश्न फॉर्मवर त्याच्यासाठीच आहे. जवळच्या रक्तात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर हा काढा आत झाकून असलेलं काहीतरी उघडं करू शकतो, आणि मुलग्यांमध्ये हा आजार सुरू व्हायचं वय बहुतेक हेच, विशी-पंचविशी. पेरू सरकारने २००८ मध्ये या विद्येला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तिथे ती कायदेशीर आहे, तिचा मान आहे, मलाही आदर आहे. पण मी तुमच्या जागी असते तर मुलाला जाऊ दिलं नसतं.

पण तो २३ वर्षांचा आहे, अडवून अडत नाही. त्याला हे उत्तर वाचायला देऊ नका, चिडेल. मला तुमच्या पत्रात एक खटकलं, 'होता' एवढंच लिहिलंत, मामाचं पुढे काय झालं ते नाही. मुलाला तरी माहीत आहे का? पहिल्यांदा काय दिसलं, तेव्हा मामा किती वर्षांचा होता, घरच्यांनी किती महिने ते लपवलं, हे त्याला कुणी कधी सांगितलंय का? या रविवारी जेवण झाल्यावर सांगा, जुना अल्बम असेल तर काढा, मामाचा विशीतला फोटो दाखवा. त्यानंतर तो फॉर्म त्याच्यासमोर ठेवा. भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्यात.