वाचकांचे प्रश्न : बारावी गाळून कॉलेज, आणि इंडियानाचे ४,००० डॉलर

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे; कमिन्स कंपनीतील नोकरीमुळे गेली नऊ वर्षे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस येथे स्थायिक आहोत. मुलगी येथील सरकारी हायस्कूलमध्ये दहावीत असून २०२८ साली बारावी संपवणाऱ्या तुकडीत आहे. एक वर्ष आधीच हायस्कूल संपवून पर्ड्यू विद्यापीठात जाण्याचे तिच्या मनात आहे आणि असे करणाऱ्यांना राज्य सरकार चार हजार डॉलर देते, असे ती सांगते. सदाशिव पेठेतून माझे सासरे दर रविवारी फोनवर विचारतात, ‘बारावी न करता कॉलेजात घेतात तरी कसे?’ कृपया खुलासा करावा.

उत्तर : आधी आपल्या सासऱ्यांच्या शंकेविषयी. आपल्याकडे विद्यार्थी इयत्ता पास होतो, तिकडे विषय पास होतो. साधारणपणे एका विषयाच्या एका सेमिस्टरला एक क्रेडिट मिळते, आणि आपल्या मुलीच्या तुकडीला लागू असलेल्या ‘कोअर ४०’ डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, नावाप्रमाणे अशी ४० क्रेडिट जमवावी लागतात. ती अकरावीअखेर जमली, तर बारावीच्या वर्गात बसण्याची सक्ती राहत नाही.

मुलगी सांगते ती योजना खरी आहे. तत्कालीन गव्हर्नर मिच डॅनियल्स यांच्या नावाने ही शिष्यवृत्ती २०११ साली सुरू झाली. त्यात एकदाच ४,००० डॉलर मिळतात आणि पालकांच्या उत्पन्नाची अट नाही. रक्कम प्रथम कॉलेजच्या फीमध्ये वळती होते. काही उरल्यास ती विद्यार्थ्याच्या हाती येते. यात सरकारचे औदार्य आहे तसा हिशोबही आहे, कारण एका विद्यार्थ्यामागे शाळेला द्यावे लागणारे वर्षाचे अनुदान या रकमेहून अधिक असते. मात्र शेवटची किमान दोन सेमिस्टर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या हायस्कूलमध्ये झालेली असावी लागतात, आणि त्यानंतर लगेचच्या फॉल (शरद ऋतूतील) सेमिस्टरपर्यंत इंडियानातीलच पात्र कॉलेजात प्रवेश घ्यावा लागतो. शेजारच्या ओहायोतले कॉलेज आवडले, तर या पैशांवर पाणी सोडावे लागेल.

खरी अडचण क्रेडिटच्या जुळवाजुळवीत येते, आणि ती बहुधा गणितात येत नाही. कोअर ४० मध्ये गणिताची ६ क्रेडिट लागतात, ती आपल्याकडची मुले सहज भरतात. इंग्रजीची मात्र ८ लागतात, म्हणजे चार वर्षांचे इंग्रजी. ते तीन वर्षांत बसवायचे, तर अकरावी आणि बारावीचे इंग्रजी एकाच वर्षी घ्यावे लागते, किंवा एखादी उन्हाळ्याची सुट्टी त्यासाठी खर्ची घालावी लागते. अमेरिकी शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र हे विषय अनेक शाळांत बारावीलाच ठेवलेले असतात, तेही आधी ओढून घ्यावे लागतील. शारीरिक शिक्षणाची २ आणि आरोग्याचे १ क्रेडिट ही किरकोळ वाटतात, पण नेमकी तीच हुशार मुलांच्या यादीत शेवटपर्यंत राहून जातात. शिवाय २०२८ च्या तुकडीपासून वैयक्तिक अर्थनियोजनाचा विषय सक्तीचा झाला आहे. तेव्हा ‘चाळीस भरली’ एवढ्यावर विसंबू नये. शाळेच्या काउन्सेलरसमोर (मार्गदर्शकासमोर) बसून विषयवार यादी कागदावर उतरवून घ्यावी, आणि ते याच वर्षी करावे.

याच वर्षी म्हणण्याला कारण आहे. पर्ड्यूच्या ‘अर्ली अ‍ॅक्शन’ म्हणजे लवकरच्या फेरीतील अर्जाची मुदत १ नोव्हेंबर असते. मुलगी अकरावीनंतर जाणार असेल, तर तिचा अर्ज अकरावीच्या त्या नोव्हेंबरात जाईल, आणि तेव्हा विद्यापीठापुढे तिचे केवळ नववी-दहावीचे गुण असतील. इतरांना अकरावीचे कठीण विषय पेलून दाखवण्याची संधी मिळते, ती तिला मिळणार नाही. अभियांत्रिकीला चुरस मोठी असल्याने मला ही बाब पैशांपेक्षा वजनदार वाटते.

आता पैशांचे. पर्ड्यूच्या मुख्य संकुलात राज्यातील विद्यार्थ्यांची वर्षाची मूळ फी २०१३ पासून ९,९९२ डॉलरवर थांबलेली आहे; ती गोठवणारे विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्षही हेच मिच डॅनियल्स. (अभियांत्रिकीचे जादा शुल्क आणि राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा.) म्हणजे एका सेमिस्टरची फी ४,९९६ डॉलर होते. आपल्या शाळेत कॉलेज क्रेडिट देणारे विषय आणि एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच होणाऱ्या कॉलेज पातळीच्या) परीक्षांची सोय असेल, आणि मुलीने बारावीत त्यांतून सुमारे पंधरा कॉलेज क्रेडिट (ही शाळेच्या क्रेडिटहून वेगळी) अशी मिळवली की जी पर्ड्यू तिच्याच शाखेसाठी ग्राह्य धरेल, तर जवळजवळ एक सेमिस्टर वाचू शकते, आणि तेही घरचे जेवून. ही बचत शिष्यवृत्तीहून मोठी ठरते. याउलट शाळेत असे विषयच नसतील आणि मुलगी वर्गात कंटाळलेली असेल, तर एक वर्ष आधी पदवी आणि एक वर्ष आधी पगार हा फायदा चार हजारांच्या कितीतरी पुढचा आहे. कोणत्याही बाजूने पाहिले तरी शिष्यवृत्तीसाठी बारावी गाळू नये. गाळायची ठरलीच, तर शिष्यवृत्ती अवश्य घ्यावी.

पुढे भारतात प्रवेश घेण्याचा विचार असल्यास आधी दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाकडे समकक्षतेची लेखी विचारणा करावी. सासऱ्यांची शंका तिथे अगदीच गैरलागू नाही.

प्रश्न : आमच्या मुलाची सर्व क्रेडिट बारावीच्या डिसेंबरात पूर्ण होतात. त्याला ही रक्कम मिळेल का? (कार्मेल, इंडियाना)

उत्तर : नाही. किमान पूर्ण एक वर्ष आधी हायस्कूल संपवण्याची अट आहे, आणि बारावीचे एक सेमिस्टर केले तरी ती मोडते. डिसेंबरात मोकळे होऊन त्याला जानेवारीपासून कॉलेज सुरू करता येईल, पण ते या शिष्यवृत्तीविना.