धुराड्याला नवे अस्तर घालण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या ७० वर्षे जुन्या दुमजली घराचे विटांचे धुराडे आजवर उघड्या शेकोटीसाठी वापरले गेले. आता तेथे लाकडावर चालणारी बंदिस्त शेगडी बसवावी असा विचार आहे. मात्र छपरावरच्या भागातील विटांचे पापुद्रे सुटत आहेत, शेकोटीच्या तळाशी दर आठवड्याला मूठभर वाळू साचते आणि वरच्या मजल्यावर धुराड्यालगतच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटला असून पावसात त्याला धुराचा उग्र वास येतो. पाच वर्षांपूर्वी आम्ही बाहेरून सिमेंटने दर्जा (विटांमधले सांधे) भरून घेतल्या होत्या. आतून स्टीलची नळी सोडली की सगळे मिटेल, असे कंत्राटदारांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : नळी आपल्याला लागणारच आहे, परंतु ती सर्वांत शेवटी. आपण कळवलेल्या तिन्ही लक्षणांमागे पाणी आहे आणि नळी घातल्याने वरून शिरणारे पाणी थांबत नाही. ओल्या धुराड्यात नळी सोडली तर आतली पडझड केवळ नजरेआड होते, विटा मात्र नळीच्या मागे झडतच राहतात. पाणी माथ्यावरून शिरत असताना पोटात नळी घालणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल.

तळाशी साचणारी वाळू प्रथम तळहातावर घेऊन नीट पाहावी. ती मोकळी, दाणेदार असेल आणि तिच्यात चुन्याचा अंश जवळजवळ उरलेला नसेल, तर आतले सांधे रिकामे होत चालले आहेत असे समजावे. धुरात पाण्याची वाफ आणि आम्ले असतात. धूर वर जाताना थंड विटांना लागला की ती वाफ तेथेच पाणी होऊन बसते, आम्लासह सांध्यांत मुरते आणि चुना खात जाते; मागे उरते ती वाळू खाली गळते. भिंतीवरचा तपकिरी डाग याच ओलीचा आहे. विटांत वर्षानुवर्षे मुरलेले डांबरासारखे द्रव्य पावसाच्या पाण्यात विरघळून गिलाव्यातून बाहेर येते. त्यावर रंगाचे कितीही हात दिले तरी डाग पुन्हा उमटतो, कारण ते द्रव्य रंगातूनही झिरपते. तेवढ्या भागाचा गिलावा काढून, भिंत वाळू देऊन मगच तो नव्याने करावा लागेल.

आता सिमेंटच्या दर्जांविषयी. हा मुद्दा मी सविस्तर मांडतो, कारण चांगल्या हेतूने केलेल्या या कामाने जितकी जुनी धुराडी खराब झालेली मी पाहिली आहेत, तितकी दुसऱ्या कशानेही झालेली पाहिली नाहीत. जुनी वीट मऊ असते आणि ती चुन्यात बांधलेली असते. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून सहज बाहेर पडते आणि कालांतराने झिजतो तो सांधा, वीट नव्हे. सांधा पुन्हा भरता येतो, वीट भरता येत नाही. सांध्यात कडक सिमेंट भरले की ओलीची ती वाट बंद होते, ती विटेच्या तोंडातून बाहेर पडू लागते, सोबत आलेले क्षार पृष्ठभागाखाली साचून लोणा धरतो आणि वीट पापुद्र्यांनी सुटू लागते. थंड हवेच्या प्रदेशात हे आणखी वेगाने होते, कारण पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगते. खात्री करायची असल्यास एक जुना आणि एक नवा सांधा किल्लीच्या टोकाने खरवडून पाहावा. जुन्यातून भुकटी निघेल, नव्यावर किल्लीचा चकचकीत ओरखडा तेवढा उठेल आणि त्याच्या शेजारच्या विटेचे तोंड बोटाने दाबताच खपली हातात येईल.

म्हणून सिमेंट काढावे लागेल. ते छिन्नी-हातोडीने, विटांच्या कडा सांभाळत काढावे. चक्रीच्या यंत्राने काम लवकर होते, पण कडा कापल्या जातात आणि सांधा कायमचा रुंद होतो. सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट आणि कमीत कमी २० मिलिमीटर खोल कोरून, धूळ झटकून, पाणी मारून मगच जलीय चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा चुना) आणि वाळू यांचा माल भरावा. उन्हात किंवा वाऱ्यात तो झपाट्याने वाळला तर त्याची भुकटी होते, यासाठी काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवावे आणि गोठणाऱ्या थंडीत हे काम करूच नये. ज्या विटांची तोंडे गेली आहेत त्या काढून तितक्याच मऊ विटा बसवाव्यात. ओळंबा लावून पाहिल्यावर छपरावरचा भाग झुकलेला आढळला, तर दुरुस्तीत वेळ न घालवता तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधलेला बरा.

धुराड्याचा माथा हा पाण्याचा पहिला दरवाजा असतो. तेथील काँक्रीटच्या टोपीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, ती विटांच्या पुढे साधारण ५० मिलिमीटर आलेली हवी आणि तिच्या खालच्या अंगाला खोबणी हवी, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न ओघळता सुटून खाली पडतात. नळी आणि टोपी एकमेकींना चिकटवू नयेत; तापल्यावर नळी वाढते आणि जागा नसेल तर टोपीला तडा जातो. छप्पर आणि धुराडे जेथे मिळतात तेथील पत्र्याच्या पट्ट्या सांध्यात खोचलेल्या आहेत की नुसत्या डांबराने चिकटवलेल्या आहेत, हेही पाहावे. डांबराची चिकटपट्टी काही पावसाळ्यांपुरतीच टिकते.

वरचे काम झाल्यावर धुराडे वाळू द्यावे. जाड वीटकाम वाळायला काही महिने लागतात आणि ती वाट पाहणे हा कामाचाच भाग आहे. दरम्यान धुराडे साफ करून आतून कॅमेरा सोडून पाहणी करून घ्यावी. काजळी भुसभुशीत असेल तर ब्रशने निघते. मात्र ती काळ्या काचेसारखी चकाकत भिंतीला घट्ट बसली असेल तर ब्रश तिच्यावरून नुसता घसरतो आणि ती काढण्यासाठी वेगळी साधने लागतात. तिच्यावर नळी सोडू नये, कारण हा थर पेटला तर धुराड्यातील तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. पाहणीत वासे किंवा तुळया धुराड्याला कोठे टेकल्या आहेत हेही शोधावे. लाकूड आणि वीटकाम यांच्यात सुमारे ५० मिलिमीटर मोकळी जागा असावी. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेते.

आता अस्तराकडे वळू. भाजक्या मातीच्या नळ्या फार काळ टिकतात, परंतु उभ्या धुराड्यात त्या नव्याने बसवायच्या तर जागोजागी भिंत फोडावी लागते. दुसऱ्या पद्धतीत आत रबराची फुगवलेली नळी ठेवून तिच्याभोवती उष्णतारोधक माल ओततात. वाकड्या, कमकुवत धुराड्याला त्याने आतून आधारही मिळतो, मात्र एकदा ओतलेले पुन्हा काढता येत नाही. आपल्या गरजेला लवचीक स्टेनलेस स्टीलची, आतून गुळगुळीत असलेली दुहेरी थराची नळी योग्य ठरेल. लाकडासाठी ३१६ दर्जाचे स्टील चालते, पण कोळसा जाळणार असाल तर ९०४ दर्जाचे घ्यावे, कारण कोळशातील गंधकाचे आम्ल स्टीलला लवकर खाते. नळीचा व्यास शेगडीच्या धूरमुखापेक्षा कमी नसावा; बहुतेक घरगुती शेगड्यांना १५० मिलिमीटर पुरतो. फार मोठी नळीही नको, कारण तिच्यात धूर रेंगाळतो, थंड होतो आणि पुन्हा तेच डांबर साचू लागते. नळीभोवती उष्णतारोधक वेष्टण घालावे किंवा पोकळीत व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारे हलके, दाणेदार खनिज) भरावे. हा खर्च वाचवण्याचा मोह अनेकांना होतो, पण नळी गरम राहिली तरच धुराची ओढ चांगली राहते. नळीवर बाण छापलेला असतो. तो वरच्या दिशेला, म्हणजे धूर जातो त्या दिशेला असावा. शेवटी धूरचाचणी करून घ्यावी आणि शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे, कारण त्या वायूला ना रंग असतो ना वास. जाळायच्या लाकडात ओल २० टक्क्यांहून कमी असू द्यावी.

प्रश्न : आमचे धुराडे सुस्थितीत होते. शेकोटी बंद करून तेच धुराडे गॅसच्या बॉयलरला जोडल्यापासून दुसऱ्याच हिवाळ्यात भिंती ओलावू लागल्या. छपरात गळती नाही. असे का व्हावे?

उत्तर : हे पाणी पावसाचे नसून गॅसचे आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होते. शेकोटीचा धूर खूप गरम असतो आणि त्याच्यासोबत खोलीतील पुष्कळ हवाही वर जाते, त्यामुळे ती वाफ बाहेर पडते. बॉयलरचा वायू त्या मानाने थंड आणि थोडा असतो. शेकोटीसाठी बांधलेल्या प्रशस्त पोकळीत तो संथपणे चढतो आणि विटांवरच त्याचे पाणी होते. बॉयलर उत्पादकाने सांगितलेल्या व्यासाची नळी आत सोडली की हा त्रास थांबतो. मात्र बॉयलर वाफेतील उष्णताही काढून घेणाऱ्या प्रकारचा असेल, तर त्याला पाण्याचा निचरा असलेली त्याची स्वतंत्र बंद नळीच द्यावी लागते. दोन्हींपैकी काहीही करेपर्यंत बॉयलर वापरत असाल, तर नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून धूरमार्ग तपासून घ्यावा, कारण ओलीने सुटलेले तुकडे खाली पडून मार्ग तुंबला तर विषारी वायू घरात परततो.

प्रश्न : धुराडे आता वापरात नाही. ते वरून आणि खालून बंद करून टाकले तर चालेल का?

उत्तर : पूर्ण बंद करू नये. वर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी बसवावी आणि खाली भिंत बांधल्यास तिच्यात जाळी ठेवावी. हवा खेळली नाही तर आतली ओल कोंडते आणि जुन्या काजळीतले क्षार हवेतील दमटपणा खेचून पावसाळाभर भिंत ओली ठेवतात.