साबणाचं सुगंधतेल घेण्याआधी

ताई, साबण बनवायला स्वस्तातलं फुलांच्या वासाचं तेल घेतलंत, तर त्यात लिलिअल (फुलांसारखा वास देणारं एक रसायन) आहे का ते पुरवठादाराला आधी विचारा. कागदोपत्री त्याचं नाव ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल असं लांबलचक असतं, म्हणून नजरेतून सुटतं. प्रजननाला घातक म्हणून युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आणली. “साबण तर धुऊनच जातो” असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. बंदी धुऊन टाकायच्या वस्तूंनाही आहे. शाम्पू, लोशन, साबण असं सगळ्यातलं थोडंथोडं अंगात जातं, काळजी त्या बेरजेची आहे. इफ्रा (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) हिच्या नियमांनुसारचं प्रमाणपत्र आणि सुरक्षा माहितीपत्रक दोन्ही मागा. द्यायला टाळाटाळ केली, तर ते तेल वापरू नका. गरोदर बायकाही तुमचा साबण वापरणार आहेत.