आईबाबांचा पहिला मुंबई-न्यूयॉर्क प्रवास

घाबरू नका, बहुतेक ज्येष्ठ मंडळी सुखरूप पोहोचतात. पण ४ तासांहून जास्त बसून राहिलं की पोटऱ्या रक्त वर ढकलत नाहीत आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून:

- सीट आइलचीच घ्या. खिडकीशी बसलेली आई शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने जागची हलतच नाही!
- दर तास-दोन तासांनी फेरी; बसल्याबसल्या टाचा-चवडे वरखाली.
- बाथरूमच्या भीतीने पाणी तोडू नका. झोपेची गोळी नको.
- अ‍ॅस्पिरिन मनाने नाही. पूर्वी गुठळी, कॅन्सर किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोहोचल्यावर, अगदी काही आठवड्यांनीही, एकच पाय सुजला-दुखला तर लगेच दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट ९११ (अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर).