आठजणी, एक प्रश्न

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

बायकांना जेवायला बोलावून सामाजिक प्रश्नांवर बोलायचं हा तुझा बेत पसंत आहे, पण यादीतली सोळा नावं निम्मी कर. चारपेक्षा जास्त माणसं जमली की गप्पा आपोआप फुटतात. आठजणींना एका प्रश्नाभोवती धरून ठेवता येतं, सोळाजणींना नाही. त्यातल्या निदान तिघी एकमेकींना अनोळखी असू देत, नाहीतर सगळी रात्र माना डोलावण्यात जाते. ज्यांच्या प्रश्नावर बोलायचं, त्यांच्यातल्या दोघी हव्यातच. एकटीच असली तर तिची उलटतपासणी होते.

आमंत्रणासोबतच प्रश्न कळव. ‘स्त्रियांची सुरक्षा’ हा नुसता विषय झाला. ‘रात्रपाळीहून परतणारीला कुठे अडतं आणि त्यातलं आपल्या हातात काय?’ हा प्रश्न.

सगळ्यात मोठा घोळ स्वयंपाकघरात होतो. यजमानीण गरम गरम वाढत बसते आणि चर्चा तिच्यावाचूनच होते! आधी करून ठेवता येतील तेवढेच पदार्थ ठेव, एकेक प्रत्येकीला आणायला सांग, आणि भांडी मध्ये ठेवून ज्याचं त्याने वाढून घेऊ दे.

वेळ अडीच तास. जेवायला बसल्यावर प्रत्येकीला दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. सोळा मिनिटांत बुजऱ्या बायकांचाही आवाज फुटतो. मग मोकळी चर्चा. एखादी थांबेचना, तर अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या मादाम जोफ्रँची युक्ती वापर. सोमवारी चित्रकारांना, बुधवारी लेखकांना त्या जेवायला बोलावत आणि बोलणं भरकटलं की ‘हे छान झालं’ एवढं म्हणून ते थांबवत. अपमानही होत नाही.

शेवटची वीस मिनिटं मात्र राखून ठेव. 9 जुलै 1848 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लूमध्ये जेन हंट यांच्या घरी पाचजणी चहाला जमल्या होत्या. उठण्याआधी त्यांनी वर्तमानपत्रासाठी सभेचं निवेदन लिहून काढलं, आणि दहा दिवसांनी सेनेका फॉल्सला स्त्री-हक्क परिषद भरली. तूही कागदावर तीनच रकाने आख: काय, कोण, कधीपर्यंत. ‘आपण सगळ्या मिळून करू’ असं कुणी म्हणालं तर तिथे एक नाव लिहून घे. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं.

कोण काय बोललं ते नावानिशी बाहेर जाणार नाही, हे पहिल्या घासाआधीच सांग. फोटो काढायचे तर विचारून. आणि आठवड्याने ‘कोण’च्या रकान्यातल्या प्रत्येकीला तू स्वतः फोन कर, मेसेज नको.

तुझी,
ताई